फोनची फुटकी काच
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त वसमत येथे केलेले भाषण)



आजवर या टेबलापाशी उभे राहून कोणी लोणच्यावर बोलले, कोणी बालसंगोपनावर, कोणी नामदेवरायांच्या अभंगांवर. मला मात्र चिटणीसताईंनी फोनच्या काचेवर बोलायला सांगितले आहे. विषय ऐकून मागच्या रांगेत हसू उमटले ते मला दिसले. हसा खुशाल, पण हसणाऱ्यांपैकी निम्म्याजणींच्या पिशवीत या घटकेला फुटक्या काचेचा फोन आहे, हेही मला ठाऊक आहे.

आपल्या घरांत फोनची वाटणी कशी होते ते बघा. नवा फोन येतो तो मुलाच्या अभ्यासासाठी, नाहीतर यजमानांच्या आडतीच्या हिशेबासाठी. त्यांचा जुना, एकदोनदा आपटलेला, काचेला जाळे पडलेला, तो फिरत फिरत आपल्या हाती येतो. पोचे आलेले पातेले जसे मोठ्या सुनेकडून धाकटीकडे जाते तसेच हे. आपण त्यावर चिकटपट्टी लावतो आणि चालवतो. पोळ्या लाटता लाटता बोटाला बारीक काच टोचते, तिचे रक्त पदराला पुसतो आणि पुन्हा चालवतो. असे वर्ष वर्ष जाते.

आता कोणी म्हणेल, दुकानात का देत नाही? पहिले कारण पैशाचे, ते उघड आहे. माझ्या फोनला दुकानात २८०० रुपये सांगितले होते. लाडक्या बहिणीचे महिन्याचे १५०० धरले तर जवळजवळ दोन हप्ते काचेतच गेले म्हणायचे. पण दुसरे एक कारण आहे, ते आपण चारचौघींत बोलत नाही, म्हणून मी आज बोलणार आहे.

आमच्या गल्लीतल्या एका भगिनीने आपला फोन चार महिने बिस्किटांच्या डब्यात घालून फडताळात ठेवून दिला होता. घरात विचारले की ती म्हणायची, "मला कशाला लागतो फोन!" खरी गोष्ट निराळी होती. तिची लेक बाळंतपणाला आली होती, तिचे आणि बाळाचे घरगुती फोटो त्या फोनात होते. अंगावर पाजतानाचे, न्हाऊ घालतानाचे. दुकानात तिने फोन नेला तेव्हा तेथल्या पोराने विचारले, पॅटर्न काय आहे, आणि तो चिठ्ठीवर काढून चिठ्ठी फोनच्या पाठीला चिकटवायला सांगितली. फोन उद्या न्या म्हणाला. ही बाई फोन उचलून घरी आली ती परत गेलीच नाही. त्या पोराच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणत नाही. काम झाल्यावर फोन चालू करून बघावा लागतो, हे खरेच आहे. पण रात्रभर आपला फोन तेथे, त्याची किल्लीही तेथेच, आणि दुकानात येणारेजाणारे दहा. लेकीच्या अब्रूची धास्ती घेतलेल्या आईला तुम्ही वेडी म्हणाल काय? मी तर म्हणणार नाही.

म्हणून आधी एवढे सांगून ठेवते, की पुढचे काही जमले नाही तरी हे ध्यानात राहावे. काच बदलल्यावर स्पर्श चालतो की नाही हे पाहायला पॅटर्न सांगावा लागत नाही. कुलूप लावलेल्या फोनवरही आपत्कालीन कॉलचे आकडे उघडतात. ते आकडे एकेक दाबून पाहिले की बराचसा पडदा तपासून होतो. बहुतेक फोनांत कॅमेराही कुलूप न काढता चालतो. दुकानदाराला तसे स्पष्ट सांगावे, "भाऊ, पॅटर्न देणार नाही, मी समोर बसते." काही नव्या फोनांत दुरुस्तीपुरती निराळी सोय असते, सॅमसंगने ती २०२२ पासून आणली. ती चालू करून फोन दिला तर आपले फोटो आणि निरोप कारागिराला दिसत नाहीत. असेल तर जरूर वापरावी.

मी स्वतः या कामाकडे वळले ते मात्र ई-केवायसीच्या दिवसांत. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आधारला जोडलेल्या नंबरावर आकडे येणार आणि ते लगोलग भरायचे. माझ्या फोनवर आकडे यायचे, टिंग वाजायचे, पण पडद्याचा वरचा अर्धा भाग बोटाला दादच देत नव्हता. अर्थात सिमकार्ड काढून दुसऱ्याच्या फोनात घालता येते, मी तसेच करून माझे काम उरकले. कोणी अडली असेल तर तिनेही तसेच करावे, त्यासाठी पडदा बदलण्याची वाट पाहू नये. पण मन बसले की दरवेळी पुतण्याच्या पाया पडायचे काय! त्याच आठवड्यात मी पडदा मागवला. आजवर घरचे आणि शेजारचे मिळून मी पाच फोन उघडले. चारांचे पडदे बदलले. पाचव्याचे का नाही बदलले ते पुढे सांगते.

आधी ही काच काय चीज आहे ते थोडे सांगितले पाहिजे. पूर्वीचे बटणांचे फोन पाटावरून पडले तरी काही होत नसे. २००७ साली अमेरिकेत अ‍ॅपल कंपनीचा आयफोन निघाला, त्याच्या पुढच्या बाजूला सबंध काच होती, आणि तेथून बहुतेक सगळे फोन काचेचे झाले. ही काच साधी नसते. कॉर्निंग नावाच्या कंपनीने १९६०च्या सुमारास जो प्रयोग केला होता त्याच जातीची ती आहे. पोटॅशच्या जातीचे क्षार सुमारे ४०० अंशांवर वितळवतात आणि त्या रसात काच बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. लहान लाडवांच्या डब्यात तितकेच मोठे लाडू कोंबावेत, तसा वरचा थर घट्ट दाबला जातो. म्हणून तिच्यावर सहजी ओरखडा पडत नाही. पण फरशीच्या कोपऱ्यावर, नाहीतर वाळूच्या टोकदार खड्यावर आपटली आणि तो दाबलेला थर एका जागी भेदला, की चीर सरसर धावते.

काचेखाली स्पर्श ओळखणारा पातळ थर असतो, त्याला बाजारात 'टच' म्हणतात, आणि त्याखाली चित्र दाखवणारा डिस्प्ले. हे तिन्ही पारदर्शक गोंदाने एकमेकांना असे चिकटवलेले असतात की घरी सुटे करता येत नाहीत. नुसती वरची काच काढायला तापणारे यंत्र, बारीक तार आणि मधली हवा ओढून घेणारे साधन लागते. तेव्हा "फक्त काच फुटली आहे, शंभर रुपयांची काच आणून लावते," असे कोणी म्हणू लागली तर तिला थांबवा. तिन्ही थर एकत्र मिळतात, त्याला दुकानात 'फोल्डर' किंवा 'कॉम्बो' म्हणतात. तोच घ्यायचा.

घेताना फोनच्या नुसत्या नावावर जाऊ नये. एकाच नावाचे दोनतीन भाऊ असतात, एखाद्या अक्षराचा फरक आणि पट्टी बसत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या सदरात मॉडेलचा नंबर असतो, तो कागदावर उतरवून घ्यावा. काही फोनांचा डिस्प्ले एलसीडी जातीचा असतो, काहींचा ओलेड जातीचा. ओलेड महाग. ओलेडच्या जागी स्वस्तातला एलसीडी बसवून मिळतो, पण ज्या फोनात अंगठा पडद्यावरच ठेवावा लागतो, त्यात तो अंगठा मग ओळखला जात नाही. दुसरे म्हणजे काही कॉम्बो फ्रेमसकट येतो, काही फ्रेमशिवाय. फ्रेमसकटचा थोडा महाग, पण जुना पडदा उपटण्याचा त्रास वाचतो. आतले सामान मात्र सगळे इकडून तिकडे हलवावे लागते. माझ्या फोनचा फ्रेमशिवायचा कॉम्बो कुरियरने घरपोच ११५० ला पडला, आणि बारीक पेचकसांचा डबा १५० ला. त्यात चिमटा, प्लॅस्टिकची पाती आणि काचेला चिकटून ओढणारी रबरी वाटी होती.

उघडण्याच्या आधी फोटो आणि हिशेब दुसरीकडे उतरवून घ्यावेत. टच मेला असेल तर काय करायचे, असा प्रश्न येतो. संगणकाचा माऊस बहुतेक अँड्रॉइड फोनांना ओटीजी नावाच्या छोट्या जोडणीने लागतो. पडद्यावर बाण उमटतो आणि माऊसने कुलूप उघडता येते. बचतगटाच्या हिशेबाचे फोटो मी असेच सोडवले.

मग जागा. पंखा बंद करावा, मुलांना शेजारी पाठवावे, चष्मा लावावा. फुटक्या काचेवर रुंद चिकटपट्टी आडवीउभी लावावी म्हणजे कण उडत नाहीत. खाली पांढरा सुती टॉवेल पसरावा, पेच पडला तर दिसतो. अंगावरही सुतीच असावे. नायलॉनच्या साडीने थंडीत जी चटचट वीज निर्माण होते ती फोनच्या आतल्या नाजूक भागांना मारक असते. आणि पेचांचा नकाशा काढावा. या गोष्टीला पुरुषमंडळी कंटाळतात, आपल्याला ती उपजत येते. रांगोळीचे ठिपके काढतो तसे कागदावर फोनच्या आकारात ठिपके काढायचे, आणि जेथला पेच तेथेच चिकटपट्टीने डकवायचा. पेच दिसतात सारखे, पण एखादा केसभर लांब असतो. तो आखूड पेचाच्या भोकात पिळला तर खालच्या सर्किटात घुसतो आणि फोन कायमचा जातो.

फोनची चार्जिंग बरीच उतरवून ठेवावी, पाव हिश्शाच्या खाली. मग तो बंद करून सिमचा ट्रे आधी बाहेर काढावा. माझ्या फोनची पाठ प्लॅस्टिकची, खटक्यांवर बसवलेली होती. जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवली. झटका देऊन ओढू नये, कारण पाठीवर अंगठ्याची जागा असेल तर तेथून एक नाजूक पट्टी आत गेलेली असते. आत गेल्यावर पहिले काम बॅटरीची जोडणी सोडवण्याचे. ही जोडणी म्हणजे ब्लाऊजचे टिचबटणच, प्लॅस्टिकच्या पातीने सरळ वर उचलले की टिच् करून सुटते. लोखंडी हत्यार येथे नको. त्यानंतर डिस्प्लेची पट्टी, तिचेही तसेच टिचबटण.

आता येथे एक पायरी आहे, ती व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या पुष्कळजणी गाळतात. नवा पडदा चिकटवायच्या आधी, त्याचे पापुद्रे न काढता, नुसता जोडून पाहावा. पट्टी जोडायची, मग बॅटरी जोडायची, फोन चालू करायचा आणि पडद्याच्या कानाकोपऱ्यात बोट फिरवायचे. दोष असेल तर तो आत्ताच कळतो आणि माल परत करता येतो. एकदा गोंद लागला की विकणारा हात वर करतो. सगळे ठीक असेल तर पुन्हा फोन बंद, पुन्हा बॅटरी सुटी.

जुना पडदा काढणे हेच खरे कष्टाचे काम. तो फ्रेमला गोंदाने धरलेला असतो आणि गोंद उष्णतेने सैल होतो. केस वाळवण्याचे यंत्र कडेकडेने सारखे फिरते ठेवायचे, एका जागी धरायचे नाही, कारण खाली बॅटरी आहे. किती तापवायचे? हळद शिजवणाऱ्या आपल्या मंडळींना हे सांगायला नको. कमी शिजली तर काडी आत जात नाही, जास्त शिजली तर रंग जातो. येथेही बोट जेमतेम टेकवेल इतकेच ऊन करायचे, रबरी वाटीने कड किंचित उचलायची, फटीत प्लॅस्टिकची पात घालून सरकवायची, अडली की पुन्हा ऊन द्यायचे. मला तासभर लागला. माझी जाऊ म्हणाली, "अगं ओढ ना जोराने!" मी म्हटले, तू चहा ठेव.

पडदा निघाल्यावर फ्रेमवरचा जुना गोंद आणि काचेचा एकूणएक कण काढावा. एक कण राहिला तरी नवी काच त्यावर टेकते आणि पुढे तेथूनच तडकते. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ लायगोची प्रयोगशाळा व्हायची आहे, तिला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथल्या चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांतल्या आरशांना धुळीचा कण चालत नाही म्हणे. आपल्या हातातल्या काचेलाही तो चालत नाही, एवढे या निमित्ताने लक्षात ठेवले तर बरे. जुन्या पडद्याच्या माथ्याशी आवाज येण्याच्या भोकावर एक बारीक जाळी असते, ती नव्यावर लावायला विसरू नये, नाहीतर पिठाची धूळ आत जाते.

गोंद बी-७००० नावाचा मिळतो. मेंदीच्या कोनासारखी त्याची नळी असते, आणि हातही मेंदीचाच लागतो. फ्रेमच्या काठाने एक बारीक अखंड रेघ ओढायची, भोकांपासून दूर. पडदा बसवून वर मऊ कापड ठेवावे आणि रबरबँडांनी बांधून रात्रभर सपाट जागी ठेवावे. पुरता वाळायला चोवीस तास द्यावेत. मूळ कारखान्यात पाण्यापासून जे संरक्षण असते ते यानंतर राहिले असे धरू नये; फोन मोरीच्या कट्ट्यावर ठेवण्याची सवय असेल तर ती सोडावी.

आता त्या पाचव्या फोनचे. तो शेजारच्या वन्संचा. पाठ उघडून पाहते तो बॅटरी पापडासारखी फुगलेली. पडदा आतूनच उचलला गेला होता, पडून फुटलाच नव्हता. मी तो तसाच झाकला, ओट्यावरून उचलून अंगणात ठेवला आणि कारागिराकडे पाठवला. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. ती पेट घेते आणि धूर विषारी असतो. फोन उघडताना शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवण्याचा माझा नियम आहे. घरचे चेष्टा करतात, करू देत. कडा वळलेल्या पडद्यांचे आणि घडीचे फोनही घरी उघडू नयेत, आणि वॉरंटीतला तर मुळीच नाही. आपल्या गावातले कारागीर पोट भरण्यासाठी बसले आहेत, त्यांचे काम हिसकावण्याचा माझा विचार नाही. अवघड काम त्यांनाच द्यावे, समोर बसून करून घ्यावे आणि जुना पडदा परत मागून घ्यावा.

दुरुस्तीचा हक्क म्हणून एक गोष्ट आहे, तीही कानावर असू द्या. वस्तू विकत घेतली की तिचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळावी, असा त्याचा अर्थ. केंद्राच्या ग्राहक खात्याने यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, या हक्काचे संकेतस्थळ उघडले. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने अहवाल दिला, त्यात फोन किती सहज दुरुस्त होतो याचा गुण गिऱ्हाइकाला दाखवावा अशी शिफारस आहे. अमेरिकेत अ‍ॅपल आणि सॅमसंग या कंपन्यांनी २०२२ पासून घरगुती गिऱ्हाइकांना सुटे भाग, हत्यारे आणि पुस्तिका विकायला सुरुवात केली. दुरुस्तीत फसवणूक झाली तर १९१५ या नंबरावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार करता येते. हा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा.

डब्यातल्या फोनवाल्या त्या भगिनीचे काय झाले, हे विचारणार हे मला माहीत आहे. तिचा पडदा तिनेच बदलला. पेच मी धरले, गोंदाची रेघ तिने ओढली, आणि तिची माझ्याहून सरळ आली. पॅटर्न तिने माझ्यासमोरही पदर आडवा धरूनच काढला, आणि मला ते फार आवडले.

काढलेले चार जुने पडदे मी टेबलावर मांडून ठेवले आहेत, शेजारी पेचांचे दोन कागदही आहेत. कार्यक्रमानंतर जवळून बघा, पण पडदे चिकटपट्टीच्या बाजूनेच उचला आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. बघून झाले की ते परत डब्यात घाला. केरात किंवा चुलीत टाकायचे नाहीत, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायचे आहेत. ज्यांना आपला फोन दाखवायचा असेल त्यांनी मॉडेलचा नंबर कागदावर लिहून आणावा, फोन उघडून दाखवण्याची गरज नाही.